अंकीय स्थानदर्शक : जुन्या संचांची जुळणी व दुरुस्ती (सोलापूर)

यांत्रिक हत्याराचा सरकता भाग किती सरकला ते आकड्यांत दाखविणारा संच म्हणजे अंकीय स्थानदर्शक. कारखान्यात त्याला सरसकट ‘डीआरओ’ म्हणतात. यंत्राच्या अंगावर बसविलेली स्केल (मापपट्टी), तिच्यावरून फिरणारे व ती वाचणारे रीडिंग हेड आणि कामगाराच्या डोळ्यांसमोरचा डिस्प्ले असे त्याचे तीन भाग असतात.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. पुढे यंत्रमागांचे सुटे भाग, जिल्ह्यातील साखर कारखान्यांची कामे आणि ओतकाम यांमुळे शहरात लेथ व मिलिंगची कामे वाढली. अक्कलकोट रस्ता व चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींत संगणकचालित यंत्रे आली, तरी एखाद-दुसऱ्या नगाच्या दुरुस्तीकामाला हाताने चालणारी यंत्रेच सोयीची पडतात. अशा यंत्राची बीडाची बांधणी चाळीस-पन्नास वर्षे टिकते. त्यावरील इलेक्ट्रॉनिक संच मात्र तितका टिकत नाही, आणि जुन्या संचांची जुळणी व दुरुस्ती या तफावतीतूनच निघते.

उगम : या साधनाचा आरंभ कोठे धरावा याविषयी लेखकांत एकमत नाही. भौतिकीच्या बाजूने लिहिणारे इंग्रज भौतिकीविज्ञ लॉर्ड रॅली यांच्या १८७४ मधील निबंधापासून सुरुवात करतात. दोन विवर्तन जालके (अगदी जवळजवळ समांतर रेघा आखलेल्या काचा) एकावर एक ठेवली असता जे जाड पट्टे उमटतात, त्यांवरून जालकाच्या आखणीतील दोष पारखता येतील, असे त्यांनी सुचविले होते. या पट्ट्यांना ‘म्वारे’ म्हणतात. हा शब्द मूळचा फ्रेंच आणि कापडधंद्यातला आहे. पाण्याच्या लहरींसारखी झाक असलेल्या रेशमाचे ते नाव. तलम कापडाचे दोन पदर एकमेकांवरून सरकविले की लहरी धावताना दिसतात, हे सोलापूरच्या विणकराला वेगळे शिकवावे लागत नाही. लाखमोलाच्या यंत्राचे मापन याच दृश्यावर उभे आहे, ही गोष्ट या गावात मुद्दाम नोंदवावी अशी आहे.

अभियांत्रिकीच्या बाजूचे लेखक आरंभ १९५० च्या आगेमागे धरतात. इंग्रज भौतिकीविज्ञ थॉमस मर्टन यांनी आटे पाडण्याच्या तत्त्वावर लांब जालके आखण्याची रीत काढली. इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत तिच्यावर पुढील काम झाले. आणि एडिंबरोच्या फेरांटी कंपनीने १९५० च्या दशकात म्वारे पट्टे मोजून यंत्राच्या टेबलाचे स्थान ठरविले. त्याच सुमारास जर्मनीतील हायडेनहाइन कंपनीने काचेवर क्रोमच्या अतिशय पातळ रेघा आखण्याची ‘डायडूर’ प्रक्रिया विकसित केली. अमेरिकेत फॅरंड कंपनीच्या ‘इंडक्टोसिन’मध्ये प्रकाशाऐवजी विद्युतचुंबकीय प्रवर्तन वापरले गेले. पुढेमागे जाण्याची दिशा ओळखणारी मोजणी हा निकष लावला, तर फेरांटीच्या कामाला आरंभाचा मान देणे अधिक योग्य वाटते. तेलापाण्यात टिकणारी स्केल हा निकष लावला, तर डायडूरचे महत्त्व मोठे ठरते. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा निकष जवळचा आहे.

मोजणीचे तत्त्व : काचेच्या स्केलवर पुष्कळदा २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतराने रेघा असतात. तिच्यावर तशाच रेघांची छोटी काच किंचित, समजा ०·००२ रेडियन, तिरकी ठेवली तर म्वारे पट्टे १० मिमी. अंतरावर उमटतात. म्हणजे २० मायक्रॉन सरकणे पाचशे पटींनी मोठे होऊन प्रकाशविद्युत घटासमोर (प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या घटासमोर) येते. पाव आवर्तनाच्या (एका रेघेपासून दुसरीपर्यंतच्या अंतराच्या चौथ्या भागाच्या) अंतराने दोन संकेत घेतले की त्यांतील पुढचा कोणता यावरून दिशा कळते. दोन्ही संकेतांचे चढउतार मोजले तर एका आवर्तनात चार काउंट मिळतात, म्हणजे ५ मायक्रॉन. त्याखाली जायचे तर आवर्तनाचे आणखी भाग पाडावे लागतात. पाच भाग पाडले की १ मायक्रॉन.

जुळणी : एका मेकची स्केल दुसऱ्या मेकच्या डिस्प्लेला जोडताना पहिली फसगत कनेक्टरमुळे होते. नऊ पिनांचा कनेक्टर नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो. पण पाच व्होल्टची पिन कोणती हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरविलेले असते. पिना न तपासता वीज सोडल्यास हेड जळू शकते. दुसरा प्रश्न संकेताच्या जातीचा. जुन्या हायडेनहाइन स्केलमधून सुमारे ११ मायक्रोअँपिअरचा तरंगरूप प्रवाह येतो, नंतरच्या काही स्केलमधून १ व्होल्टचा तरंग, तर अनेक स्वस्त स्केलमधून थेट चौकोनी टीटीएल (० व ५ व्होल्टांत उड्या मारणारा) संकेत. यांतील एकासाठी बनविलेला डिस्प्ले दुसरा संकेत वाचू शकत नाही. मध्ये रूपांतर करणारे सर्किट लागते. शून्य परत सापडावे म्हणून स्केलवर असलेल्या संदर्भखुणांचेही तसेच. ठरावीक वाढत्या अंतराने खुणा असलेली स्केल साध्या डिस्प्लेला लावली, तर मोजणी चालते पण शून्य परत सापडत नाही.

अनोळखी स्केलची जात ऑसिलोस्कोपवर (विजेचे तरंग पडद्यावर दाखविणाऱ्या उपकरणावर) ओळखता येते. दोन्ही तरंग एक्स-वाय जोडणीत घातले की निरोगी स्केल वर्तुळ काढते. वर्तुळ चपटे झाले तर दोन संकेतांतील कोन बिघडलेला असतो. ते मध्यापासून सरकले तर एखादा घट मंद झालेला किंवा काच मळलेली असते. डायल गेज लावून टेबल नेमके १ मिमी. सरकवावे आणि आवर्तने मोजावीत : पन्नास आली तर २० मायक्रॉनची, दहा आली तर १०० मायक्रॉनची स्केल. आकडा उलटा धावत असेल तर दोन संकेतांची अदलाबदल करावी. लेथच्या क्रॉस स्लाईडवर (हत्यार आडवे सरकविणाऱ्या भागावर) दुप्पट आकडा दिसला तर तो बहुधा दोष नसून व्यास दाखविण्याची सेटिंग असते.

सोनीच्या ‘मॅग्नेस्केल’ची चुंबकीय पट्टी किंवा न्यूऑलच्या ‘स्फेरोसिन’मधील १२·७ मिमी. व्यासाच्या पोलादी गोळ्यांची नळी या पूर्णपणे वेगळ्या जाती आहेत. त्यांना काचेच्या स्केलचा डिस्प्ले चालत नाही.

दोष व दुरुस्ती : आकडा मधूनच उड्या मारतो किंवा काउंट सुटतात, ही नेहमीची तक्रार. कारण बहुतेक वेळा साधे असते : काचेवर कूलंटची (कापताना सोडलेल्या थंड करणाऱ्या द्रवाची) साय, स्केलच्या फटीवरची फाटलेली रबरी ओठपट्टी, हेडजवळ वाकून वाकून तुटलेली तार किंवा सैल अर्थिंग. यंत्रमागांच्या शेजारी असलेल्या वर्कशॉपमध्ये हवेतील सुताचे तंतू तेलात भिजून ओठपट्टीला चिकटतात आणि आत ओढले जातात. म्हणून स्केल बसविताना ओठ खाली किंवा कूलंटच्या उलट बाजूला ठेवावेत. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने व तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसावी. थिनर वापरू नये, काच धरून ठेवणारा डिंक सुटतो. जुन्या हेडमधील बारीक दिवा बदलताना दिव्यातील तारेची जागा भिंगाच्या केंद्राशी जुळावी लागते. नुसता पेटणारा दिवा पुरत नाही.

डिस्प्लेमध्ये आधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहावेत. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. स्मृती राखणारी निकेल-कॅडमियम बॅटरी गळून सर्किटचे तांबे खाल्ले गेले असेल, तर बॅटरी काढून पट्ट्या तारेने जोडाव्या लागतात.

तपासणी : लांबीचे प्रमाण तापमान २०° से. आहे. पोलाद दर मीटरला अंशामागे सुमारे ११·५ मायक्रॉन प्रसरण पावते, काचेची स्केल सुमारे ८. चाळीस अंशांत डिस्प्लेवर ५०० मिमी. आणून कापलेला पोलादी नग २० अंशांना थंड झाल्यावर सुमारे ३५ मायक्रॉन आखूड भरतो. ही स्केलची बिघाड नव्हे, आणि ती ‘दुरुस्त’ करायला स्केल उघडणे घातक आहे. डिस्प्लेत रेषीय सुधारणेची (लांबीच्या प्रमाणात आकडा कमीजास्त करण्याची) सोय असल्यास तेथे आकडा भरावा. तसेच जर्मन भौतिकीविज्ञ अर्न्स्ट आबे यांच्या १८९० च्या तत्त्वानुसार स्केल कापाच्या रेषेपासून जितकी दूर, तितकी स्लाईडच्या डोलण्याची चूक वाढते : २०० मिमी. दूर असलेल्या स्केलवर १० सेकंदांचा (एका अंशाचे ३,६०० सेकंद) कोन सुमारे १० मायक्रॉन खातो. झिजलेल्या यंत्रावर म्हणून स्लिप गेजने (अचूक लांबीच्या पोलादी ठोकळ्यांनी) तपासणी टेबलाच्या पृष्ठभागाशी नव्हे, तर प्रत्यक्ष काप होतो त्या उंचीवर घ्यावी, आणि ती सकाळी, शेड तापण्यापूर्वी.