ग्रँड कॅन्यन: वाट, पाणी आणि प्राणी ठरवणारे खडक

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून समोरचा उत्तर काठ हवेतून साधारण १६ किलोमीटरवर दिसतो. गाडीने तिथे पोहोचायचं तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वळसा घालावा लागतो. मधली दरी ॲरिझोनात कोलोरॅडो नदीने कोरलेली आहे: लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २९ किलोमीटर आणि खोली १,८०० मीटरहून अधिक. हे आकडे कुठल्याही माहितीफलकावर सापडतात. दरीत उतरणाऱ्याला मात्र त्यांपेक्षा जास्त उपयोग होतो तो कुठला खडक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ठाऊक असण्याचा. चढ कुठे अंगावर येईल, पाणी कुठे मिळेल, सावली कुठे संपेल, कुठला प्राणी कुठे दिसेल, हे सगळं त्या थरांवरच अवलंबून आहे.

नदी आजच्या मार्गाने इथे साधारण ५०-६० लाख वर्षं वाहते आहे. तिने कापलेले खडक त्याहून कितीतरी जुने. काठावरचा फिकट कायबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचला. त्याच्या थोडं खाली कोकोनिनो वालुकाश्म लागतो. हा वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचा दगड आहे. वाटेच्या कडेला थांबून पाहिलं तर टेकड्यांच्या उतारांच्या तिरप्या रेघा त्यात स्पष्ट दिसतात आणि काही शिळांवर त्या वाळूतून चाललेल्या प्राण्यांच्या पावलांचे ठसेही सापडतात. आणखी खाली रेडवॉल या चुनखडकाची उभी भिंत, दीडशे मीटर किंवा त्याहून जास्त उंच. लांबून ती लाल दिसते, पण ताजा तुटलेला तुकडा पाहिला तर आतून करडा निघतो. वरच्या थरांतला लोहाचा गंज पावसाबरोबर वर्षानुवर्षं ओघळून भिंतीला रंग चढला आहे.

अगदी तळाशी काळपट विष्णू शिस्ट, म्हणजे उष्णता आणि दाबाने रूप बदललेला खडक आहे, वय सुमारे १७५ कोटी वर्षं. काही ठिकाणी त्याच्यावर थेट टेपीट्स वालुकाश्म टेकलेला आहे आणि त्याचं वय पन्नास कोटींच्या आसपास. दोन थरांच्या सांध्यावर तळहात ठेवला, तर हाताखाली शंभर कोटींहून जास्त वर्षांची पोकळी असते. त्या काळात साचलेले खडक झिजून वाहून गेले आणि त्यावर नवा समुद्र आला.

दरीला पायऱ्यांसारखा आकार आला तो खडकांच्या टणकपणातल्या फरकामुळे. कोरड्या हवेत चुनखडक आणि वालुकाश्म तग धरतात, म्हणून त्यांचे कडे होतात. शेल हा चिखलाचा दगड. तो भुसभुशीत, लवकर झिजणारा, म्हणून त्याचे उतार होतात. खालचा शेल झिजला की वरच्या कड्याचा आधार जातो, मोठमोठे खडक कोसळतात आणि कडा मागे सरकतो. नदीने दरी खोल केली, रुंद केली ती मुख्यतः या कोसळण्याने आणि बाजूच्या ओढ्यांनी.

आता प्रश्न येतो रेडवॉलची उभी भिंत उतरायची कशी. दक्षिण काठावरून उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेचं उत्तर भूगर्भात आहे. तिथे जमिनीला मोठी भेग गेलेली आहे, दोन्ही बाजूंचे थर एकमेकांच्या मानाने सरकलेले आहेत आणि भेगेलगतचा खडक चिरडला गेला आहे. पाण्याने तो सहज पोखरला आणि भिंतीत उतरण्याजोगी घळ तयार झाली. इथले मूळ रहिवासी हवासुपाई लोक पिढ्यान् पिढ्या याच मार्गाने खालच्या झऱ्याजवळच्या शेतांपर्यंत ये-जा करत. त्या जागेला २०२२ मध्ये अधिकृतपणे हवासुपाई गार्डन्स हे नाव मिळालं.

तो झरा तिथेच का, याचंही कारण थरांतच आहे. पठारावरचा बर्फ वितळून भेगांमधून खाली झिरपतो, चुनखडकांतल्या पोकळ्यांतून उतरत जातो आणि ब्राइट एंजल शेल या थरावर येऊन अडतो, कारण शेल पाणी आत घेत नाही. मग ते आडवं सरकून उताराच्या तोंडाशी बाहेर पडतं. कॉटनवूडच्या झाडांची हिरवी रेघ दिसली, की तिथे पाणी शेलपाशी अडलं आहे असं समजावं. याउलट साउथ कायबाब ही वाट डोंगराच्या धारेवरून उतरते. दृश्य अप्रतिम, पण धारेवर पाणी साचत नाही की उगवत नाही. सुमारे ११ किलोमीटर आणि १,४६० मीटर उताराच्या त्या वाटेवर नदीपर्यंत पिण्याच्या पाण्याची कुठेही सोय नाही आणि सावलीही फार थोडी. म्हणून जाणकार कायबाबने उतरतात आणि ब्राइट एंजलने चढतात. ती वाट १५ किलोमीटरची, लांब पण चढाला सौम्य. वाटेवरच्या नळांना येणारं पाणी उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्स झऱ्यातून जलवाहिनीने आणलेलं आहे. दरी ओलांडणारी ही जुनी जलवाहिनी वारंवार फुटते आणि वरचे काही नळ हिवाळ्यात बंदच असतात. निघायच्या दिवशी नळांची स्थिती विचारावी आणि ओढ्याचं पाणी शुद्ध करायचं साधन पाठीवर ठेवावं.

उंचीबरोबर हवामान बदलतं. साधारण दर शंभर मीटर उतरलं की तापमान एक अंशाने वाढतं. जुलैत दक्षिण काठावर दुपारी सरासरी २९ अंश सेल्सिअस असतं, तेव्हा तळाशी फँटम रँच या मुक्कामाच्या जागी ४१, आणि तेही सावलीत. उत्तर काठावर हिवाळ्यात काही मीटर बर्फ पडतो आणि त्याच दरीच्या तळाशी वर्षाला २५ सेंटीमीटरही पाऊस होत नाही. सी. हार्ट मेरियम या निसर्गअभ्यासकाने १८८९ मध्ये याच भागात उंचीनुसार बदलणाऱ्या सजीवांच्या पट्ट्यांचा अभ्यास केला. काठावर पाँडेरोसा पाइनचं जंगल, मधे पिन्यन आणि ज्युनिपरची खुरटी झाडं, खाली निवडुंग आणि काटेरी झुडपं. एका दिवसाच्या चालीत हे सगळं ओलांडून होतं.

पाइनवर जगणाऱ्या खारीला मात्र ही दरी ओलांडता येत नाही. दक्षिणेला पांढऱ्या पोटाची, करड्या शेपटीची ॲबर्ट खार आहे. उत्तरेला तिचीच नातलग, काळसर पोटाची आणि पांढऱ्याशुभ्र शेपटीची कायबाब खार. दोघींचा जीव पाँडेरोसावर आणि दरीच्या तापलेल्या पोटात ते झाड नाही. त्यामुळे दोन्ही काठांवरच्या खारी वेगळ्या होत गेल्या.

खडकांच्या भिंतींचा खरा मानकरी कॅलिफोर्निया काँडोर. पंखांचा पसारा सुमारे २.९ मीटर, घरटं कड्यातल्या गुहेत, आणि सहसा दोन वर्षांत एकच अंडं. १९८२ मध्ये जगात जेमतेम २२ पक्षी उरले होते. १९८७ पर्यंत निसर्गातला शेवटचा काँडोरही पकडून पिंजऱ्यातल्या प्रजननासाठी नेला गेला आणि १९९६ मध्ये इथून जवळच्या व्हर्मिलियन क्लिफ्सवरून पक्षी पुन्हा मोकळे सोडले गेले. आज काठावरून पंखावर क्रमांक लावलेला काँडोर घिरट्या घालताना दिसतो, ही मोठी कमाई आहे. पण शिकारीनंतर उरलेल्या मांसातले शिशाच्या गोळीचे कण खाऊन ते अजूनही मरतात. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला तो फटका झेपत नाही.

नदीतली गोष्ट गुंतागुंतीची आहे. १९६३ मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण झालं. पूर्वी गाळाने लाल आणि उन्हाळ्यात कोमट होणारी कोलोरॅडो तेव्हापासून जलाशयाच्या तळाचं स्वच्छ, थंडगार पाणी घेऊन येऊ लागली. गढूळ, उबदार पाण्याला सरावलेला हंपबॅक चब हा पाठीवर वशिंड असलेला मासा मुख्यतः लिटल कोलोरॅडो नदीच्या संगमाजवळ टिकून राहिला. अलीकडे जलाशयाची पातळी खालावली, तशी धरणातून कोमट पाणी सुटू लागलं. त्याने चबला ऊब मिळाली, पण स्मॉलमाउथ बास या परक्या शिकारी माशाचीही सोय झाली. तळाशी पोहोचलेल्यांसाठी एवढंच: प्रवाह वेगवान आणि गार आहे, पोहायला उतरू नये.

साप-विंचवांची भीती लोकांना जास्त वाटते. इथला गुलाबीसर खडखड्या साप खडकाच्या रंगात मिसळतो, म्हणून न दिसणाऱ्या कपारीत हात घालायचा नाही. बूट सकाळी झटकून घालायचे, विंचवांसाठी. प्रत्यक्षात जास्त चावे घेते ती वाटेवरची खडकखार, लोक तिला खाऊ घालतात म्हणून. डोमकावळे सॅकच्या चेनही उघडतात. मुक्कामी अन्न धातूच्या पेटीतच ठेवावं.

डोंगरात आधी चढ, मग उतार. इथे उलट आहे. ताज्या पायांनी, सकाळच्या गारव्यात माणूस भराभर उतरतो आणि दमलेल्या पायांनी, चढत्या उन्हात परत चढायला लागतो. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा. उतारावर मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार झेलतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तेच सर्वांत दुखतात. दोन काठ्या घ्याव्यात, नखं कापावीत, बूट घोट्यापाशी घट्ट बांधावेत, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. एका दिवसात नदीला जाऊन परत येण्याचा बेत करू नये, मे ते सप्टेंबरमध्ये तर मुळीच नाही. खाली मुक्काम करायचा तर परवाना आधी मिळवावा लागतो.

कोरड्या हवेत घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं हे कळतच नाही. उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर सहज जातं. पण नुसतं पाणी पीत राहणंही तितकंच घातक. घामातून मीठ जातं, वरून फक्त पाणी पडतं, रक्तातलं सोडियम विरळ होतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण ही लक्षणं उन्हाच्या थकव्यासारखीच, म्हणून सोबती आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती बिघडते. वारंवार, स्वच्छ लघवी होत असेल आणि तरी माणूस बरळत असेल, तर पाणी थांबवून मदत बोलवावी. प्रत्येक थांब्यावर खारट काहीतरी खावं, भूक नसली तरी. सदरा ओढ्यात भिजवून घालावा. बाष्पीभवनाने अंग गार होतं आणि आतलं पाणी वाचतं.

जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी वादळं होतात. उघड्या खडकात पाणी मुरत नाही, म्हणून कित्येक किलोमीटर दूर पडलेला पाऊस कोरड्या ओढ्यातून लोंढा होऊन येतो. कोरड्या पात्रात तंबू नको. हिवाळ्यात धोका वरच्या टप्प्यात असतो. दक्षिण काठाचा उतार उत्तरेकडे तोंड करून असल्याने वरच्या वळणांवर ऊन पोहोचत नाही आणि बर्फ घट्ट बसतो. बुटांना लावायचे काटे लागतात.

उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चालायचं नाही. परतीला ही वेळ हवासुपाई गार्डन्सच्या झाडांखाली काढावी, ओढ्यात कपडे भिजवावेत, जेवावं. तिथून काठापर्यंत सात किलोमीटरहून अधिक अंतर आणि ९०० मीटरहून जास्त चढ उरलेला असतो. थोड्याच वेळात रेडवॉलमधली जेकब्स लॅडरची वळणं सुरू होतात. मोबाइलला बहुधा रेंज नसते आणि फार तापलेल्या विरळ हवेत हेलिकॉप्टरलाही मर्यादा येतात. चार वाजता निघालेला माणूस काठावर पोहोचेपर्यंत अंधार पडतो, त्यामुळे डोक्याला बांधायची बॅटरी सकाळी निघतानाच सॅकमध्ये असली पाहिजे.