वरून चांदी, आतून तांबं

मध्ययुगीन फ्रान्सच्या टाकसाळीत नाणं पडायचं ते हातोड्याच्या घावाने. एक ठसा लाकडी ओंडक्यात रोवलेला, त्यावर धातूची चकती, चकतीवर हातात धरलेला दुसरा ठसा आणि त्याच्या डोक्यावर घाव. हात जरा हलला की चित्र एका अंगाला सरकायचं. घाव थेट सोसणारा वरचा ठसा आधी झिजायचा.

शार्लमेन राजाने ७९४ च्या सुमारास पक्कं केलेलं 'दनिये' हे नाणं सुमारे १.७ ग्रॅमचं, चांगल्या चांदीचं होतं. पुढे त्याचं वजन घटलं आणि कसही उतरला. तेराव्या शतकातल्या तूर शहराच्या दनियेत जेमतेम एक तृतीयांश चांदी उरली होती. मग १२६६ मध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई याने बारा दनियेंच्या मोलाचं 'ग्रो तुर्न्वा' काढलं: ४.२ ग्रॅम वजन, जवळपास ९६ टक्के चांदी.

त्याचाच नातू चौथा फिलिप. युद्धखर्चासाठी त्याने १२९५ पासून चांदीच्या नाण्यांत तांब्याचं हीण मिसळायला सुरुवात केली. १३०६ मध्ये खरं नाणं परत आणलं, तर भाड्याचा आकडा तोच, पण तो आता चांगल्या नाण्यात चुकवायचा, म्हणून पॅरिसमध्ये घरभाडी एका झटक्यात तिप्पट झाल्यासारखी झाली. लोक खवळले आणि राजाला टेम्पलर या धर्मयोद्ध्या सरदारांच्या पंथाच्या गढीत आसरा घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने त्याच टेम्पलरांना अटक केली!

एवढं तांबं असूनही नवं नाणं पांढरंशुभ्र कसं दिसायचं? मला या साऱ्या इतिहासात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. चकती तापवली की पृष्ठभागावरच्या तांब्याचा ऑक्साइड होतो. मग ती आम्लधर्मी द्रावणात बुडवायची. ऑक्साइड विरघळून जातो, चांदी तशीच राहते. मागे उरलेला सच्छिद्र थर हातोड्याच्या घावाने दाबला जाऊन चकाकतो.

या थराने आजच्या संशोधकांनाही चकवलं. क्ष-किरणांची नेहमीची तपासणी फक्त वरवरचा थर वाचते, त्यामुळे चांदीचं प्रमाण फुगलेलं दिसतं. म्हणून आता लेसरने नाण्यात केसाएवढं बारीक छिद्र पाडतात आणि उडालेली वाफ वस्तुमान-वर्णपटमापकात, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, तपासतात. सुरुवातीला चांदीचा आकडा चढा येतो. लेसर जसा खोल जातो, तसा तो उतरत एका पातळीवर स्थिरावतो. टाकसाळीत ओतलेल्या मूळ धातूचा कस तोच.