एनडीएचा अर्ज: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांचं घोडं नेमकं कुठं अडतं

एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, जाहिरात निघाली की आपल्याकडची मुलं आधी नाडकचेरी (कर्नाटकातलं दाखले देणारं महसूल कार्यालय) गाठतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, ग्रामपंचायतीचं चारित्र्य प्रमाणपत्र असं सगळं गोळा होतं. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांत राहत असल्याचा दाखलाही कुणी कुणी फाइलला लावतो. आणि जो कागद खरोखर महत्त्वाचा, ते दहावीचं मार्क्स कार्ड, त्याची फिकट झेरॉक्स तेवढी हातात असते. मूळ प्रत पीयू (कर्नाटकातली अकरावी-बारावी) कॉलेजच्या कपाटात.

असं होण्याला कारण आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात. त्यामुळं फौजेत जायचं म्हणजे भरतीला जायचं, एवढंच घराघरात ठाऊक. भरतीला हे सगळे दाखले लागतात, म्हणून चुलत्यानं किंवा मामानं सांगितलेली यादी पोरगा एनडीएलाही लावतो. पण एनडीए ही भरती नव्हे. ती यूपीएससीची परीक्षा आहे. वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. लेखी परीक्षा, मग एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत, मग मेडिकल. या जागांना जातीचं आरक्षण नाही, राज्यवार कोटा नाही आणि वयात कुणालाही सवलत नाही. तुम्ही कर्नाटकचे की महाराष्ट्राचे, हा १९५६ पासून आपल्या मानगुटीवर बसलेला प्रश्न या अर्जात कुणी विचारतच नाही. दहावी कर्नाटकात आणि बारावी चंदगड-गडहिंग्लजला झाली असली तरी काही बिघडत नाही. मान्यताप्राप्त बोर्ड असलं की झालं. ८६५ गावांचा दाखला महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांसाठी जपून ठेवा, इथं त्याचा उपयोग नाही.

जातीचा दाखला अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना लागतो, तोही फक्त फी माफीसाठी. तो नुसता कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी प्रत काढून ठेवा.

सैनिक शाळेची गोष्ट मात्र वेगळी, आणि गल्लत होते ती इथंच. सहावी-नववीच्या सैनिक शाळा प्रवेशात रहिवास बघतात. ६७ टक्के जागा त्या शाळेच्या राज्यातल्या मुलांना, ३३ टक्के बाहेरच्यांना. म्हणजे बेळगावच्या मुलाला विजयपूरची सैनिक शाळा घरची आणि साताऱ्याची परकी, मग घरात कितीही मराठी बोला. मोठ्या भावानं सैनिक शाळेसाठी काढलेला दाखला बघून धाकटा एनडीएसाठी तोच काढायला धावतो. धावू नका.

वय परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत

सर्वांत जास्त अर्ज वाया जातात ते इथं. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, पण ती मोजतात कोर्स सुरू होण्याच्या वेळी. म्हणून जाहिरातीत वय न देता जन्मतारखांची चौकट दिलेली असते. २०२५ च्या पहिल्या परीक्षेचं उदाहरण घ्या. परीक्षा १३ एप्रिल २०२५ ला होती. जन्म २ जुलै २००६ च्या आधीचा नको आणि १ जुलै २००९ च्या नंतरचा नको, अशी चौकट होती. २० मे २००६ ला जन्मलेला मुलगा परीक्षेच्या दिवशी एकोणीसही पूर्ण झालेला नव्हता, तरी तो बाद. कारण जानेवारी २०२६ मध्ये कोर्स सुरू होताना त्याचं वय साडेएकोणीसच्या पुढं जात होतं. दोन्ही टोकांच्या तारखा धरून मोजायचं. ही चौकट दर परीक्षेला पुढं सरकते. मागच्या वर्षीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

आता जन्मतारीख कुठली? दहावीच्या प्रमाणपत्रावरची, दुसरी कुठलीही नाही. नगरपालिकेचा जन्मदाखला, कोर्टाचं ॲफिडेव्हिट, जन्मपत्रिका, यातलं काहीही चालत नाही, हे यूपीएससीनं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. आपल्याकडे पहिलीत घालताना वय थोडं कमी पडलं की तारीख मागं ढकलायची, सरळ १ जून टाकून मोकळं व्हायचं, ही जुनी खोड. तेव्हा सोय झाली, पण पोरगा कागदावर काही महिन्यांनी मोठा झाला आणि त्याचा एखादा चान्स गेला. अशा वेळी खरी तारीख अर्जात टाकायचा मोह होतो. टाकू नका. अर्जात एकदा नोंदवलेली जन्मतारीख नंतर बदलून मिळत नाही, आणि ती मार्क्स कार्डाशी जुळली नाही तर मुळावरच येतं. दहावीच्या कार्डावरची तारीख खरोखरच चुकीची छापली गेली असेल तर दुरुस्ती शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे करून घ्यावी लागते. त्यात किती दिवस जातील ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून हे काम दहावीचा निकाल हातात आल्या आल्या करा, एनडीएची जाहिरात निघाल्यावर नको.

नाव

दहावीच्या कार्डावर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. सांगायला सोपं आहे, पण आपल्या भागात हे सर्वांत अवघड. गावातल्या मराठी शाळेच्या रजिस्टरात नाव मराठीत, पुढं कुठंतरी ते कन्नडमध्ये लिहिलं जातं आणि मग कन्नडवरून इंग्रजीत येतं. या प्रवासात लक्ष्मणचा 'एक्स' जाऊन 'केएसएच' येतो, संभाजीतला 'एच' गळतो, जाधवच्या शेवटी एक 'ए' चिकटतो. आधार कार्ड कुणी दुसऱ्यानंच टाइप केलेलं, त्यावर तिसराच प्रकार. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव नुसत्या एका अक्षरावर. त्यात बारावी महाराष्ट्र बोर्डाची असली की तिथं आडनाव पहिल्यांदा छापतात.

अर्ज भरताना हे बऱ्याचदा खपून जातं. मग मुलगा लेखी पास होतो आणि एसएसबीला कागद तपासताना अडतो. तिथं समोरच्या अधिकाऱ्याला आपल्याकडचा कन्नड-मराठीचा गुंता ठाऊक असायचं काही कारण नाही. त्याला दोन कागदांवर दोन माणसं दिसतात.

उपाय एकच. दहावीचं कार्ड खांब धरा आणि बाकीचं त्याला जुळवून घ्या. आधार दहावीप्रमाणे दुरुस्त करून घ्या. मार्क्स कार्ड दाखवून ते होतं. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळं सेंटरवाल्यानं टाइप केलेलं पावती घेण्याआधी स्वतः वाचा, मोठ्यानं वाचा. तो घाईत असतो, त्याच्यामागं रांग असते, आणि भोगायचं तुम्हाला असतं. आई-वडिलांच्या नावाचंही तेच. 'आई सगळीकडे सुनंदा, फक्त दहावीच्या कार्डावर सुनिता' असला प्रकार आढळला तर आत्ताच शाळेत जा.

सायबरवाल्याचा ईमेल

अर्ज यूपीएससीच्या ऑनलाइन संकेतस्थळावर भरायचा. २०२५ पासून तिथं नवी पद्धत आली आहे: आधी खातं, मग एकदाच करायची नोंदणी, मग सगळ्या परीक्षांना सामाईक असलेला भाग आणि शेवटी त्या परीक्षेचा अर्ज. सही पांढऱ्या कागदावर एकाखाली एक तीनदा करून अपलोड करायची. या पायऱ्या अवघड नाहीत, स्क्रीनवरचं वाचलं तर घरच्या मोबाइलवरही होतात.

पण बरीच मुलं ग्राम वन केंद्रात (गावातलं सरकारी सेवा केंद्र) किंवा सायबरमध्ये जातात. हरकत नाही. फक्त ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा. काही दुकानदार काम लवकर उरकावं म्हणून स्वतःचाच नंबर घालतात, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो, फॉर्म झटक्यात होतो. पुढं हॉलतिकिटाचा निरोप, निकालानंतरच्या सूचना, पासवर्ड सगळं त्या दुकानात. दुकान बंद झालं किंवा माणूस गावाला गेला की संपलं. लष्कर हा पहिला पर्याय दिलेल्यांना लेखी निकालानंतर दोन आठवड्यांत जॉइन इंडियन आर्मीच्या संकेतस्थळावर पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि तीही यूपीएससीला दिलेल्या त्याच ईमेलनं. पास होऊनही एसएसबीचं बोलावणं न आलेल्यांची चौकशी केली की बऱ्याचदा हेच निघतं.

शेवटच्या दिवसाबद्दलही एक. मुदत रात्री बारापर्यंत नसते, संध्याकाळी सहापर्यंत असते. कॉलेज सुटून, बस पकडून, सातला दुकानात पोचलेल्या मुलाला काय सांगायचं?

फी शंभर रुपये, पण माफी कुणाला?

मुलींना माफ, अनुसूचित जाती-जमातींना माफ. तिसरी माफी वाचताना आपल्याकडची जवानांची घरं हमखास चुकतात. जेसीओ (सुभेदारासारखे), एनसीओ (हवालदारासारखे) आणि इतर रँकच्या, म्हणजे अधिकारी नसलेल्या, सेवेतल्या किंवा निवृत्त सैनिकांच्या मुलांना माफी आहे, पण तो मुलगा मिलिटरी स्कूल किंवा सैनिक शाळेत शिकत असेल तरच. वडील निवृत्त हवालदार आणि मुलगा खानापूरच्या साध्या पीयू कॉलेजात, तर फी भरायची. माफीत बसत नसताना टिक केली की अर्ज सरळ बाद, कुणी फोन करून विचारत नाही. शंभर रुपयांसाठी हा धोका पत्करू नका. बेळगावच्या मिलिटरी स्कूलमधली जी मुलं या माफीत बसतात, त्यांनी प्राचार्यांचं तसं पत्र घेऊन ठेवावं; ते एसएसबीला मागतात.

शिक्षणाची अट थोडक्यात. लष्करासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल, नौदल आणि एळिमलाच्या नौदल अकादमीसाठी भौतिक, रसायन आणि गणित हवंच. दुसऱ्या पीयूसीत (बारावीत) शिकत असाल तर अर्ज करता येतो. पहिल्या पीयूसीत असाल तर वय बसत असलं तरी नाही. कॉमर्सच्या मुलांनी हेही लक्षात घ्यावं की अर्ज चालला तरी तीनशे गुणांचा गणिताचा पेपर कुणाला चुकत नाही. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठी-कन्नडात नाही. मुलगा असो वा मुलगी, अविवाहित असावं लागतं. मुलींना २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडलं, तरी 'एनडीए पोरींना असतंय का?' असं अजून विचारतात. असतंय. जागा कमी असतात, पण असतात.

सेवांचा पसंतीक्रम भरताना नुसतं 'लष्कर' टाकून थांबू नका. जी सेवा क्रमात लिहिली नाही तिच्यासाठी तुमचा विचारच होत नाही. विज्ञानाच्या मुलानं पात्र आहे त्या सगळ्या सेवा क्रमानं लिहाव्यात.

परीक्षा केंद्र आपल्याला सर्वांत जवळचं धारवाड. केंद्रांची क्षमता ठरलेली असते आणि आधी अर्ज करणाऱ्याला आधी केंद्र मिळतं. जे शेवटच्या दोन दिवसांत भरतात त्यांना धारवाड भरलेलं दिसतं आणि मग बेंगळूरू, पणजी किंवा पुणे. पोरगं रात्रभर बसमध्ये बसून सकाळी दहाला गणित सोडवतं. धारवाड मिळालं तरी वेळेचं बघा, गेट पेपरच्या अर्धा तास आधी बंद होतं. अर्जात जे ओळखपत्र दिलं तेच मूळ घेऊन जा.

लेखी पास झाल्यावर

एसएसबीला दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं लागतात. दहावीचं मूळ कार्ड पीयू प्रवेशाच्या वेळी कॉलेजनं ठेवून घेतलेलं असतं, आणि क्लार्क 'टीसी घेतल्याशिवाय मिळत नाही' म्हणतो. भांडू नका. एसएसबीचं बोलावणं दाखवून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, परत आणून देण्याची हमी लिहा आणि पोचपावती घ्या. गाडीच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी. एनडीएच्या प्रवेशासाठी एसएसबीला पहिल्यांदाच जाणाऱ्याला रेल्वेभाडं परत मिळतं, म्हणून तिकिटं टाकू नका.

मेडिकलमध्ये आपली मुलं एका वेगळ्याच कारणानं अडकतात: टॅटू. छातीवर किंवा दंडावर महाराजांची मुद्रा, मानेवर 'आई'. भावना मोठी आहे, पण नियम कडक. कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. बाकी कुठं असेल तर चालत नाही. आदिवासी समाजांना परंपरेनुसार थोडी मोकळीक आहे, आपल्याला नाही. पहिल्या पीयूसीतच घरात हे सांगून ठेवा, कारण यात्रेत मित्राबरोबर हात पुढं करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

दुसऱ्या पीयूसीत असताना परीक्षा दिलेल्यांना बारावी पास झाल्याचा पुरावाही मुदतीत पोचवावा लागतो. एप्रिलच्या परीक्षेसाठी ही मुदत त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरची, सप्टेंबरच्या परीक्षेसाठी पुढच्या वर्षीच्या २४ जूनची. डिसेंबरचं फारसं अडत नाही. जूनचं अडतं. पीयूसीच्या पहिल्या परीक्षेत एखादा विषय राहिला आणि मुलगा त्यानंतरच्या परीक्षेवर गेला, तर निकाल वेळेत लागेल की नाही याचा हिशेब आधी मांडा. आणि निकाल ऑनलाइन लागला की प्रिंट काढून त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का लगेच घेऊन ठेवा, छापील मार्क्स कार्ड कॉलेजात यायला वेळ लागतो.