‘मग वीज कुठून आणणार?’ : सायलेंट व्हॅली अहवालामागची गोष्ट

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात कुंतीपुळा नदीवर धरण बांधून सुरुवातीला 120 मेगावॉट वीज काढायची, या योजनेला 1973 मध्ये नियोजन आयोगाची मंजुरी मिळाली. सुमारे 830 हेक्टर जमीन पाण्याखाली जाणार होती आणि त्यात सायलेंट व्हॅलीचं सदाहरित जंगल होतं. पक्षिअभ्यासक झफर फतेहअलींच्या अध्यक्षतेखालच्या केंद्राच्या कार्यगटाने 1976 मध्ये योजना सोडून देण्याची शिफारस केली. पण पुढे, सोडता येत नसेल तर पाळायच्या 17 अटीही दिल्या. केरळ सरकारने अर्थातच अटी उचलल्या!

जंगल मौल्यवान आहे, सिंहशेपटी माकडाचं ते घर आहे, हे निसर्गअभ्यासक सांगत होतेच. त्यावर समोरून ठरलेला प्रश्न यायचा : मग वीज कुठून आणणार? याचं उत्तर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं.

केरळ शास्त्र साहित्य परिषद ही 1962 पासून मल्याळममध्ये विज्ञानप्रसार करणारी संस्था. तिने 1979 मध्ये पाच जणांकडून या प्रकल्पाचा अभ्यास करून घेतला. एम. के. प्रसाद वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, व्ही. के. दामोदरन वीज अभियंते, श्यामसुंदरन नायर कृषिशास्त्रज्ञ, के. पी. कण्णन अर्थतज्ज्ञ. पाचवे एम. पी. परमेश्वरन हे अणुअभियंते. त्यांची आधीची नोकरी आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली. या पाचांनी माकडांइतकाच वेळ मेगावॉटांना दिला. मलबारचा, म्हणजे उत्तर केरळचा, मागासलेपणा खरंच या धरणाने हटेल का, विजेचे दुसरे मार्ग कोणते, हेही तपासलं. इडुक्कीचा मोठा जलविद्युत प्रकल्प सुरू झाल्यावर केरळ शेजारच्या राज्यांना वीज विकत होता, तेव्हा हा सवाल झोंबणाराच होता. मला या अहवालाचं मोल इथे वाटतं. वीज मंडळाशी वाद घालायला त्याच्याच भाषेत बोलणारा माणूस बाजूला होता. परिषदेच्या आतही सगळे एकमताचे नव्हते म्हणतात, आणि ते साहजिकच आहे. विजेची आस केरळात सगळ्यांनाच होती.

पुढे भौतिकशास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र आणि राज्याची संयुक्त समिती बसली. तिचा अहवाल 1983 मध्ये आला, प्रकल्प गुंडाळला गेला आणि 1984 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्या समितीत पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते. 2010 मध्ये अख्ख्या पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ गट नेमला गेला, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. त्या गटाच्या अहवालाचं काय झालं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.