बुळकांड्या ते लम्पी: बैलबाजार बंद करायचा अधिकार आला कुठून?

२०२२ ला जळगाव जिल्ह्यातून लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग, राज्यात पसरला तेव्हा बैलबाजार बंद, जनावरांच्या गाड्या बंद, शर्यती पण बंद, आणि लोक विचारत होते सरकारला हे अधिकार दिले कोणी? कागदावर उत्तर सोपं आहे. जनावरांच्या साथरोगांसाठीचा केंद्राचा २००९ चा कायदा. त्यात राज्याला 'नियंत्रित क्षेत्र' जाहीर करता येतं, तिथं लसीकरण सक्तीचं, आणि जनावर आजारी दिसलं तर कळवायची पहिली जबाबदारी मालकाचीच.

पण ही सगळी सिस्टीम उभी राहिली ती मुख्यतः गुरांच्या एका रोगापायी, बुळकांड्या, इंग्रजीत रिंडरपेस्ट. आजच्या पोरांना नावही माहीत नसेल. ताप, तोंडात फोड, मग जुलाब, आणि बघता बघता दावण रिकामी. इंग्रजांच्या काळात गुरं इतकी मेली की १८६८ ला चौकशी आयोग नेमावा लागला, मग १८८९ ला सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती चक्क पुण्यात, पण वस्तीजवळ असले जंतू नकोत म्हणून १८९३ ला कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तीच आजची आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. गंमत म्हणजे १८९९ ला ग्लँडर्स या साथीच्या रोगाचा कायदा आला तो घोड्यांसाठी, लष्कर घोड्यांवर चालायचं ना!

बुळकांड्याविरुद्ध देशभर मोहीम सुरू झाली १९५४ ला. गावोगाव लस टोचत फिरणारे पशुधन विकास अधिकारी, ड्रेसर (मलमपट्टी करणारे मदतनीस) यांचं कौतुक कुणी फारसं केलं नाही. शेवटची केस १९९५ ची. खरी कसोटी त्यानंतर होती, कारण रोग गेलाय हे जगाला पटवायचं तर आधी लस बंद करावी लागते आणि मग नुसतं लक्ष ठेवून बसावं लागतं, की कुठं परत डोकं वर काढतोय का. २००६ ला भारत मुक्त जाहीर झाला, २०११ ला सगळं जग.

आता २०१९ पासून लाळ-खुरकुताची, म्हणजे तोंडाला नि खुरांना फोड आणणाऱ्या रोगाची, केंद्राची लसीकरण मोहीम चालू आहे, कानात बिल्ला, बिल्ल्यावर १२ आकडी नंबर. बुळकांड्या गेला मग हा का जात नाही असं लोक म्हणतात, पण ही तुलनाच चुकीची आहे. बुळकांड्याची लस एकदा टोचली की वर्षानुवर्षं काळजी नाही. लाळ-खुरकुताच्या विषाणूचे आपल्याकडंच तीन प्रकार, ओ, ए आणि एशिया-१, आणि लसीचा जोर सहा महिन्यांत ओसरतो, म्हणजे तेच जनावर वर्षातून दोनदा धरून टोचायचं.