सी भाषेतला गोटू: खाली मारलेली उडी चालते

गोटू ही प्रोग्रामिंगमधली अगदी साधी आज्ञा. कोडमधल्या एका जागेला लेबल द्यायचं आणि दुसरीकडून तिथे उडी मारायची. परत येण्याची सोय नाही. मार्च 1968 मध्ये संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी एसीएम या संगणक क्षेत्रातल्या संस्थेच्या मासिकात एक छोटं पत्र लिहून ही आज्ञा हद्दपार करा, अशी मागणी केली. पत्राचं 'गो टू स्टेटमेंट कन्सिडर्ड हार्मफुल' (गोटू घातक) हे गाजलेलं शीर्षक मात्र संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेलं.

डायक्स्ट्रांचा मुद्दा असा, की चालू प्रोग्राम मध्येच थांबवला तर तो कुठवर आलाय हे सांगता आलं पाहिजे. ओळीचा क्रमांक, लूपची कितवी फेरी आणि कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं, एवढ्यावर एरवी पत्ता लागतो. मोकाट गोटू असले की ओळ कळते, पण तिथे कोणत्या वाटेनं आलो आणि व्हेरिएबलमध्ये काय असणार, हे कळत नाही. त्याआधी 1966 मध्ये बोम आणि याकोपिनी यांनी दाखवलं होतं, की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती एवढ्यावर कोणताही प्रोग्राम लिहिता येतो. लिहिता येतो, हे खरं. पण गोटू टाळायचा म्हणून एक फ्लॅग, म्हणजे हो-नाही सांगणारं व्हेरिएबल, ठेवून तो तीन लूपमध्ये दर फेरीला तपासत बसणं म्हणजे वेश बदललेला गोटूच! 1974 मध्ये डोनाल्ड नुथ यांनी गोटूमुळे कोड उलट सोपा होतो अशी उदाहरणं सविस्तर मांडली.

आज हा प्रश्न खरा उरलाय तो सी भाषेत. पायथॉनमध्ये गोटू नाहीच. जावानं तो शब्द राखून ठेवलाय, पण वापरू देत नाही. आतल्या लूपमधून थेट बाहेर पडायला तिथे लेबल लावलेला ब्रेक आहे. सीमध्ये तसा ब्रेक नाही, चूक झाली की आपोआप बाहेर नेणारे एक्सेप्शन नाहीत, आणि घेतलेली मेमरी आपोआप परतही जात नाही.

लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, एखादं उपकरण चालवणारा ड्रायव्हर घ्या. सुरुवातीच्या फंक्शनमध्ये तो आधी बफरसाठी मेमरी घेतो, मग इंटरप्ट (उपकरणाकडून येणारा इशारा) मागतो, मग डिव्हाइसची नोंदणी करतो. तिसरी पायरी फसली तर इंटरप्ट सोडून मग मेमरी परत करायची. दुसरी फसली तर फक्त मेमरी. प्रत्येक इफमध्ये ही आवराआवर पुन्हा लिहिली, तर पुढे कोणी चौथी पायरी घातली की एखाद्या ठिकाणी दुरुस्ती राहतेच आणि मेमरी गळते किंवा लॉक अडकून बसतं. म्हणून आवराआवर फंक्शनच्या तळाशी एकदाच, घेतल्याच्या उलट क्रमानं लिहितात आणि प्रत्येक टप्प्याला लेबल देतात. पायरी फसली की योग्य लेबलवर उडी. तिथून खालचं सगळं ओळीनं होतं. कर्नलची शैली-पुस्तिका हाच मार्ग सांगते. लेबलाला 'एरर १', 'एरर २' म्हणू नका, 'बफर सोडा' असं कामाचं नाव द्या, असंही बजावते. सगळ्या चुकांना एकच लेबल ठेवलं तर वेगळीच पंचाईत होते: बाहेरचं स्ट्रक्चर मिळालेलंच नसतं, त्याचा पत्ता ठेवणारा पॉइंटर नल, म्हणजे रिकामा असतो आणि आवराआवर त्याच्या आतली मेमरी सोडायला जाते. तिथेच क्रॅश.

दुसरी चूक जास्त कपटी. उडी मारण्याआधी एरर कोड भरायचा राहिला, की फंक्शन फसूनही शून्य परत करतं, म्हणजे 'सगळं ठीक'. फेब्रुवारी 2014 मधला ॲपलचा प्रसिद्ध बग याच जातीचा. सुरक्षित जोडणीत सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. इफला कंस नव्हते, त्यामुळे पहिली ओळ इफच्या आत राहिली आणि दुसरी कायम चालू लागली. आधीची पायरी यशस्वी झालेली असल्यानं एरर कोड शून्य. सही न तपासताच सही बरोबर! नेटवर्कवर मध्ये बसलेल्या माणसाला कुठल्याही साइटचं सोंग घेता येत होतं. 21 फेब्रुवारीला आयओएस 7.0.6 काढून ॲपलनं हे बुजवलं. दोष गोटूवर ढकलला गेला, पण त्या जागी 'रिटर्न एरर' दोनदा असतं तरी हेच घडलं असतं. इफला कंस आणि सगळ्या तपासण्या पार पडेपर्यंत निकाल अपयशाचाच ठेवणं, हा खरा इलाज. जीसीसी या कंपायलरच्या 6 व्या आवृत्तीपासून इशारे चालू करणारा '-वॉल' पर्याय लावला की अशा फसव्या इंडेंटेशनबद्दल इशाराही मिळतो.

सुरक्षित सी कोडसाठीचे मिस्रा-सी 2012 चे नियम हीच रेघ आखतात. गोटू टाळा, हा तिथे सल्ला आहे. पण मारलीच तर उडी त्याच फंक्शनमध्ये, खालच्या दिशेनं आणि त्याच किंवा बाहेरच्या ब्लॉकमध्ये, हे बंधन. उलट वर उडी मारून लूप करायला जाल तर फॉर किंवा व्हाइल वापरा. वाचणाऱ्याला लूप दिसतो तरी.

2023 पासून कर्नलमध्ये दुसरी सोयही आली. व्हेरिएबलला क्लीनअपची खूण लावली, की ब्लॉक संपताच कंपायलर स्वतः ते सोडून देतो. मात्र एकाच फंक्शनमध्ये ही खूण आणि गोटू मिसळू नयेत, अशी तिथे अपेक्षा आहे. कारण उडीनं अशा व्हेरिएबलची सुरुवातच ओलांडली, तर आत पडलेला कचराच पॉइंटर समजून सोडला जातो. क्लँग हा दुसरा कंपायलर असा कोड नाकारतो, जीसीसीवर विसंबू नका.