चौकटीचा भाव कुठे ठरतो? घर बांधणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोलापूर जिल्ह्यात जंगल नावापुरतेच. बाभूळ आणि कडुनिंब आपल्या मातीतले खरे, पण बाभूळ शोभते औताला आणि गाडीला. दारा-खिडक्यांसाठी सरळ, लांब आणि पीळ न पडणारा माल बाहेरूनच येतो. चंद्रपूर-गडचिरोलीचा बल्लारशा साग आजही आम्हा वखारवाल्यांच्या मते सर्वांत चांगला. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठीही चंद्रपूरचाच साग गेला. मात्र तो लिलावातून मिळतो आणि मोजकाच असतो. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने जंगल राखण्यावर भर दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने वृक्षतोडीला चाप बसला. ते व्हायलाच हवे होते. घरे मात्र बांधली जात राहिली आणि लागणारे लाकूड परदेशातून येऊ लागले.

आज वखारीत मलेशियन साल, घाना-टांझानियाचा आणि इक्वेडोरचा साग, न्यूझीलंडचा पाइन असा माल दिसतो. देशात येणाऱ्या लाकडाचा मोठा भाग कांडला बंदरात उतरतो आणि गांधीधामच्या गिरण्यांत कापला जातो.

लाकूड कोणी लाकडासाठी घेत नाही, घरासाठी घेतो. म्हणून गृहकर्ज स्वस्त झाले, बांधकामे वाढली की लाकडाची मागणी वाढते. हे जसे जुळे सोलापुरात, तसेच चीन आणि अमेरिकेतही, आणि माल सगळ्यांना एकाच बाजारातून घ्यायचा असतो. १९९८ च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलांतील तोड टप्प्याटप्प्याने थांबवली आणि तो जगातील सर्वांत मोठा ओंडके आयात करणारा देश झाला. न्यूझीलंडच्या पाइनचा मुख्य गिऱ्हाईक तोच. तिथली बांधकामे मंदावली की पाइनचा भाव नरम होतो. अमेरिकेत मे २०२१ मध्ये कापीव लाकूड हजार बोर्ड फुटांना (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद आणि इंचभर जाड फळी) १,६०० डॉलरच्या वर गेले होते, वर्षभरापूर्वीच्या चौपटीहून जास्त. ऑगस्टपर्यंत ते पुन्हा ५०० च्या आसपास आले. त्या काळात घाईने साठा करणाऱ्यांचे नुकसान झाले.

विकणारे देशही हात आखडता घेतात. गॅबनने २०१० मध्ये, म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. रशियाने १ जानेवारी २०२२ पासून सूचिपर्णी झाडांच्या ओंडक्यांची. कापण्याचा रोजगार आपल्याच देशात राहावा, हा त्यांचा हेतू. त्यामुळे कोणी ‘बर्मा टीक’, म्हणजे म्यानमारचा साग, म्हणून माल दाखवला तर देश कोणता, कागद कोणते, हे जरूर विचारा. आमच्या बिलावर देशाचे नाव लिहिलेले असते.

व्यवहार डॉलरमध्ये होतो, म्हणून रुपया घसरला की तोच माल महागतो. शिवाय सीमाशुल्क लागते ते जहाजभाडे आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, कंटेनरचे भाडे वाढले. भाडे वाढले की शुल्काची रक्कमही वाढते.

आता तुमच्या कामाचा हिशेब. पाच बाय तीन इंचाची चौकट, दोन उभे सात-सात फुटांचे आणि आडवा साडेतीन फुटांचा, मिळून साडेसतरा फूट लांबी. पाच गुणिले तीन म्हणजे पंधरा चौरस इंच; त्याचे चौरस फूट करायला १४४ ने भागा आणि साडेसतराने गुणा: सुमारे १.८२ घनफूट. म्हणजे घनफुटामागे १०० रुपये वाढले तर एका चौकटीला सुमारे १८२ रुपये जास्त पडतात. एवढ्यासाठी हलका माल घेऊ नका, चौकट पुन्हा बदलता येत नाही. भाव चढला की लोक पल्ले आणि फर्निचर प्लायवुडवर नेतात, ते ठीकच. बचत करायची तर तिथे करा.

ओंडका घेत असाल तर माप नीट समजून घ्या. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, असे मोजतात. चार फूट घेराचा, दहा फुटी ओंडका या हिशेबात १० घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. हा फरक कापणीच्या घटीपोटी धरलेला असतो. म्हणूनच ओंडक्याचा दर आणि कापीव मालाचा दर थेट ताडून पाहू नका. कागदावर घनमीटर असेल तर एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट.

सोलापूरच्या उन्हाबद्दलही सांगायला हवे. ओलावा तीस टक्क्यांच्या खाली येऊ लागला की लाकूड आकसते, आणि आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात ओली चौकट हमखास तडकते किंवा भिंत सोडते. दहा-बारा टक्के ओलाव्याचा माल मागा. मीटर लावून तो तुमच्यासमोर मोजून देतो. मागायला संकोच करू नका.

येताना सुताराकडून मापांची यादी लिहून आणा. दिलेला भाव पंधरा दिवस बदलत नाही, तेवढ्या काळात इतर वखारींतही विचारून या.